‘डिस्क्रेपन्सी’ केव्हा म्हणावे?

विश्रामबागेतील एका शाळेत शनिवारी विज्ञान मंडळाचा तास असतो. त्या शनिवारी लंबकाचा प्रयोग चालला होता. स्टँडला दोरा, दोऱ्याला पितळी गोळा आणि प्रत्येक जोडीजवळ एक स्टॉपवॉच. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १ मीटर ठेवायची, २० दोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचे. शाळा सेमी-इंग्रजी. त्यामुळे प्रयोगाचा निष्कर्ष इंग्रजीत लिहायचा होता. आदल्याच आठवड्यात वर्गात ‘डिस्क्रेपन्सी’ हा नवा शब्द शिकवला होता, आणि नवा शब्द हाती आला की तो वापरून पाहावासा वाटतोच!

संध्याकाळी बाई वह्या तपासायला बसल्या. तीन वह्यांतील वाक्यांपाशी त्या थांबल्या.

पहिल्या वहीत होते : ‘देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिट्वीन अ लाँग पेंड्युलम अँड अ शॉर्ट पेंड्युलम.’

दुसऱ्या वहीत : ‘देअर इज डिस्क्रेपन्सी बिट्वीन मी अँड माय पार्टनर.’

आणि तिसऱ्या वहीत : ‘देअर वॉज अ डिफरन्स बिट्वीन माय रिझल्ट अँड द ॲक्सेप्टेड व्हॅल्यू, बट आय हॅव करेक्टेड इट.’ म्हणजे, माझे उत्तर आणि मान्य किंमत यांत फरक पडत होता, पण मी तो दुरुस्त केला आहे.

पहिल्या दोन वाक्यांत शब्दाची निवड चुकली आहे. तिसऱ्या वाक्याचे इंग्रजी तसे निर्दोष आहे. तरीही बाईंना सर्वांत जास्त खटकले ते तिसरेच वाक्य. असे का झाले असेल? ते शेवटी पाहू. तोवर या शब्दाची नीट ओळख करून घेऊ.

एक ‘तफावत’, तीन इंग्रजी शब्द

हा शब्द मराठी मुलांना अडखळवतो, याचे एक कारण आपल्याच भाषेत आहे. शब्दकोश उघडला तर डिस्क्रेपन्सीचा अर्थ ‘तफावत’ किंवा ‘विसंगती’ असा दिलेला आढळतो. अर्थ चुकीचा नाही. पण आपण ‘तफावत’ हा शब्द किती ठिकाणी वापरतो ते पाहा :

‘दोन भावांच्या उंचीत बरीच तफावत आहे.’

‘श्रीमंत आणि गरीब यांच्या उत्पन्नातील तफावत वाढत आहे.’

‘दुकानाच्या हिशेबात आणि गल्ल्यातील रकमेत ५० रुपयांची तफावत आली.’

मराठीत तिन्ही वाक्ये चालतात. इंग्रजीत मात्र प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. भावांच्या उंचीतील तफावत म्हणजे ‘डिफरन्स’, साधा फरक. उत्पन्नातील तफावत म्हणजे ‘डिस्पॅरिटी’, विषमता. एकाला फार, दुसऱ्याला थोडे, आणि हे न्याय्य नव्हे, असा भाव तिच्यात बहुधा असतो. हिशेब आणि गल्ला यांतील तफावत ही मात्र ‘डिस्क्रेपन्सी’.

तिसऱ्या तफावतीत असे वेगळे काय आहे? भावांची उंची सारखीच असायला हवी, असा काही नियम नाही. पण वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच! एकाच शिलकेची ती दोन उत्तरे आहेत. ती जुळायलाच हवी होती आणि जुळली नाहीत. आपल्याकडे गणित करून झाल्यावर ताळा करून पाहतात. ‘ताळा जमत नाही’ असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा जे घडलेले असते ती डिस्क्रेपन्सी. शब्दकोशातील ‘तफावत’पेक्षा ही आपली जुनी बोली या शब्दाच्या अधिक जवळची आहे.

मिरजेचा तंबोरा काय सांगतो?

या शब्दाचे मूळ मोठे गमतीचे आहे. लॅटिन भाषेत ‘क्रेपारे’ म्हणजे खडखडणे, वाजणे. आणि ‘डिस्’ म्हणजे वेगवेगळे, अलग. ‘डिस्क्रेपारे’ म्हणजे वेगळे वाजणे, सूर न जुळणे. डिस्क्रेपन्सी हा शब्द असा आवाजाच्या दुनियेतून आलेला आहे.

आता सूर जुळणे आणि न जुळणे म्हणजे काय, हे विश्रामबागेच्या मुलांना समजावून सांगायला दूर जाण्याची गरज नाही. सांगलीहून मिरजेच्या रस्त्याला लागले की वाटेत विश्रामबाग, आणि पुढे मिरज. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. २०२४ साली तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा एखाद्या दुकानात जाऊन तंबोरा लावताना पाहा. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमात लावतात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची खर्जात. मधल्या दोन तारांना ‘जोड’ म्हणतात, कारण त्या दोघींचा सूर एकच असावा लागतो.

पंचमाची तार आणि षड्जाची तार यांचे सूर वेगळे आहेत. म्हणून कुणी तंबोरा बेसूर आहे असे म्हणत नाही. त्या वेगळ्या असाव्यात म्हणूनच वेगळ्या लावल्या आहेत. हा झाला डिफरन्स. पण जोडाच्या दोन तारांपैकी एकीची कंपने सेकंदाला १३० आणि दुसरीची १३२ असली, तर फरक दिसायला अगदी थोडा असूनही कान लगेच टवकारतो. आवाज सेकंदाला दोनदा कमी-जास्त होत राहतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. कारागीर तारेखालचा मणी किंचित सरकवत सरकवत विस्पंद नाहीसे करतो, तेव्हा जोड जुळतो.

पंचम आणि षड्ज यांतील अंतर मोठे, पण ती डिस्क्रेपन्सी नव्हे. जोडातील अंतर लहान, पण ती डिस्क्रेपन्सी! तेव्हा या शब्दाचा संबंध अंतर किती आहे याच्याशी नसून, ते असायला हवे होते की नाही याच्याशी आहे.

दोन प्रश्नांची कसोटी

यावरून एक सोपी कसोटी तयार होते. डिस्क्रेपन्सी लिहिण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा :

१. दोन्ही आकडे किंवा दोन्ही विधाने एकाच गोष्टीविषयी आहेत का?

२. ती जुळावीत अशी अपेक्षा होती का?

दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल आणि तरीही ती जुळत नसतील, तर खुशाल डिस्क्रेपन्सी लिहा. एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरा शब्द शोधा.

ही कसोटी लावून पाहू. समजा, एकाच दिवशी सांगलीच्या पर्जन्यमापकात ३२ मिलिमीटर आणि मिरजेच्या पर्जन्यमापकात १८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ही डिस्क्रेपन्सी आहे का? नाही. दोन गावे, दोन ठिकाणचा पाऊस. आपल्या भागातला पाऊस तर रस्त्याच्या एका बाजूला पडतो आणि दुसऱ्या बाजूला पडत नाही. हा डिफरन्स. पण एकाच पर्जन्यमापकातील पाणी दोन मुलांनी लागोपाठ मोजले आणि एकाने ३२, दुसऱ्याने २८ लिहिले, तर ती डिस्क्रेपन्सी.

दुसरे उदाहरण कृष्णेचे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, हे सांगलीकर विसरणार नाहीत. आता समजा, सकाळी आठ वाजता पातळी ३८ फूट होती आणि दुपारी ती ४० फूट झाली. हा डिफरन्स, म्हणजे पाणी चढले. पण त्याच सकाळी, त्याच आठ वाजता, पुलावरच्या पट्टीवर ३९ फूट ६ इंच दिसते आणि हाती आलेल्या निरोपात ४० फूट २ इंच लिहिले आहे, असे झाले तर? आठ इंचांची डिस्क्रेपन्सी! अंतर वीतभरही नाही. पण एका आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस निवांत बसेल आणि दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवणारा जनावरे सोडून सामान हलवू लागेल. कोणता आकडा खरा, हे ताबडतोब शोधावे लागेल.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डिस्क्रेपन्सी हा शब्द कोण चुकले ते सांगत नाही. पट्टी वाचणारा चुकला, निरोप लिहिणारा चुकला, की दोघेही चुकले? शब्द फक्त एवढेच म्हणतो की दोहोंचा मेळ बसत नाही, कारण शोधा. ‘एरर’ म्हणजे चूक किंवा ‘मिस्टेक’ असे लिहिले की निकालच दिला. डिस्क्रेपन्सी म्हटले की चौकशी सुरू झाली. त्यामुळे एखाद्या संस्थेला पत्र लिहिताना हा शब्द फार उपयोगी पडतो. कुणावर आळ न घेता नेमकी गोष्ट सांगता येते.

वाक्यात कसा बसवावा?

स्पेलिंग आहे डी-आय-एस-सी-आर-ई-पी-ए-एन-सी-वाय. उच्चारताना जोर ‘क्रे’वर द्यावा. अनेकवचन करताना शेवटचा वाय जातो आणि आय-ई-एस येतात : ‘डिस्क्रेपन्सीज’. हे नाम मोजता येणारे आहे. म्हणून एकवचनात त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ हवेच. मराठीत असे उपपद नसल्यामुळे आपण ते हमखास विसरतो; दुसऱ्या वहीत तेच झाले होते.

या शब्दाबरोबर तीन शब्दयोगी अव्यये येतात, आणि तिघांचे काम वेगळे आहे.

‘बिट्वीन’ : न जुळणाऱ्या दोन बाजू सांगायच्या असतील तेव्हा. ‘देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिट्वीन द लेजर अँड द कॅश बॉक्स.’ बिट्वीनच्या जोडीला नेहमी ‘अँड’ येते, ‘टू’ नव्हे. ‘दहापासून वीसपर्यंत’ या मराठी वळणामुळे आपल्या हातून बिट्वीननंतर ‘टू’ लिहिले जाते, तेवढे टाळावे.

‘इन’ : विसंगती कशात आहे ते सांगायचे असेल तेव्हा. समजा, शाळेच्या दाखल्यावर एका मुलाचे ‘चव्हाण’ हे आडनाव सी-एच-ए-व्ही-ए-एन असे आहे आणि आधार कार्डावर सी-एच-ए-व्ही-एच-ए-एन असे. परीक्षेचा अर्ज भरताना उत्तर येते : ‘देअर इज अ डिस्क्रेपन्सी इन द स्पेलिंग ऑफ युवर नेम.’ मूळ मराठी आडनावात काहीच फरक नाही. पण एकाच मुलाचे नाव सर्व कागदांवर एकसारखे हवे, ही अपेक्षा आहे. एका अक्षरापायी किती हेलपाटे पडतात, हे ज्यांच्यावर पाळी आली ते जाणतात! तेव्हा दाखला हातात पडला की तेथल्या तेथे अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावे.

‘ऑफ’ : तफावत किती ते सांगायचे असेल तेव्हा. ‘अ डिस्क्रेपन्सी ऑफ एट इंचेस’, ‘अ डिस्क्रेपन्सी ऑफ फिफ्टी रुपीज’.

तिन्ही एका वाक्यातही नांदू शकतात : ‘वुई फाउंड अ डिस्क्रेपन्सी ऑफ फिफ्टी रुपीज इन द अकाउंट्स, बिट्वीन द लेजर अँड द कॅश बॉक्स.’

क्रियापदेही ठरलेली आहेत. डिस्क्रेपन्सी आपण ‘नोटिस’ करतो, म्हणजे ती लक्षात येते. ‘पॉइंट आउट’ करतो, म्हणजे दाखवून देतो. ‘एक्स्प्लेन’ करतो, म्हणजे तिचे कारण सांगतो. आणि ‘रिझॉल्व्ह’ करतो, म्हणजे तिचा उलगडा करतो. लहान असेल तर ‘स्लाइट’ किंवा ‘मायनर’, मोठी असेल तर ‘लार्ज’, आणि डोळ्यांत खुपणारी असेल तर ‘ग्लेअरिंग’. मात्र ‘दीज टू रीडिंग्ज आर डिस्क्रेपन्सी’ असे लिहू नये. येथे विशेषण हवे. ‘दीज टू रीडिंग्ज डू नॉट ॲग्री’ असे सरळ लिहावे.

आता पहिल्या दोन वह्यांकडे वळू. लांब लंबक आणि आखूड लंबक हे मुळात दोन लंबक. त्यांचे आवर्तकाल वेगळे असणारच. तेथे डिफरन्स हवा. दुसऱ्या वहीत डिस्क्रेपन्सी दोन मुलांमध्ये दाखवली आहे. पण माणसामाणसांत डिस्क्रेपन्सी नसते; ती त्यांच्या नोंदींत, जबान्यांत किंवा हिशेबांत असते. लेखकाला म्हणायचे होते : ‘देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिट्वीन माय रीडिंग अँड माय पार्टनर्स रीडिंग.’ मित्रांमधला बेबनाव सांगायचा असेल तर ‘डिसॲग्रीमेंट’ आहेच.

एखादा माणूस बोलतो एक आणि करतो एक. त्याच्या बाबतीत हा शब्द चालेल का? चालेल. उक्ती आणि कृती जुळावी अशी आपली अपेक्षा असते ना? ‘द डिस्क्रेपन्सी बिट्वीन हिज वर्ड्‌स अँड हिज डीड्‌स’ हे चांगले इंग्रजी आहे.

नायट्रोजनचा ताळा जमेना

विज्ञानात या शब्दाला विशेष मान आहे. तेथे प्रत्येक मोजमापाला थोडी अनिश्चितता असते. स्टॉपवॉचचे बटण दाबायला हाताला सेकंदाचा एखादा पंचमांश इकडेतिकडे लागतोच. दोन उत्तरांतील अंतर या अनिश्चिततेच्या आत असेल, तर काळजीचे कारण नाही. पण अंतर अनिश्चिततेच्या पलीकडे गेले, की शास्त्रज्ञ कान टवकारतात, त्या तंबोरा लावणाऱ्या कारागिरासारखे.

इंग्लंडमधील लॉर्ड रेले हे वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजत होते. नायट्रोजन त्यांनी दोन रीतींनी मिळवला. एक, हवेतून ऑक्सिजन, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकून. दुसरा, अमोनियासारख्या संयुगांपासून. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनचे लिटरला वजन भरले सुमारे १.२५७२ ग्रॅम, आणि संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनचे १.२५०५ ग्रॅम. अंतर दोनशे भागांत एका भागाएवढे. एखाद्याने म्हटले असते, ‘तिसऱ्या दशांश स्थळात फरक आहे, सोडून द्या!’ पण आपली कसोटी लावा. वायू एकच, नायट्रोजन. वजन एकच यायला हवे. आणि रेले यांच्या तराजूची अनिश्चितता या अंतराहून कितीतरी लहान होती.

रेले यांनी ते अंतर लपवले नाही. १८९२ साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र छापून, याचे कारण कुणी सुचवील काय, असे वाचकांनाच विचारले. पुढे विल्यम रॅमसे यांनीही हे काम हाती घेतले आणि १८९४ साली दोघांनी जाहीर केले की, हवेतून मिळवलेला ‘नायट्रोजन’ हा निव्वळ नायट्रोजन नसून त्यात एक अज्ञात, जड वायू मिसळलेला आहे. कशाशीच संयोग न पावणाऱ्या या वायूला त्यांनी नाव दिले आर्गॉन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘आळशी’. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतो! १९०४ साली रेले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीला एक जुने टोकही आहे. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपवून पाहिला होता. सारे करूनही एक छोटासा बुडबुडा शिल्लक राहिला. मूळ वायूच्या एकशेवीसाव्या भागाहून जास्त नाही, एवढा. त्याचे कारण त्यांना सांगता आले नाही, पण त्यांनी तो नोंदवून ठेवला. शंभरांहून अधिक वर्षांनी तो बुडबुडा आर्गॉनचा होता हे कळले. नोंदच केली नसती तर?

पंचांग आणि आकाश

असा न जमणारा ताळा महाराष्ट्रातही मोठ्या चर्चेचा विषय झाला होता, आणि तो होता पंचांगाचा. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. त्यावरून ग्रहगणित करणे सोपे झाले आणि शतकानुशतके त्यावर पंचांगे होत राहिली. पण कोणत्याही गणितातली बारीकशी त्रुटी वर्षांगणिक साठत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातील ग्रहस्थिती आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थिती यांचा मेळ बसेनासा झाला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवीन वेधांवर आधारलेल्या गणितावरून १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. पुढे लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा पुरस्कार केला. १९०४ साली मुंबईत आणि १९२० साली खुद्द सांगलीत यासाठी ज्योतिषसंमेलन भरले. पंचांगात लिहिलेले आकाशात दिसले पाहिजे, हा या सुधारकांचा आग्रह होता.

यातील एक प्रश्न तुम्ही शाळेच्या मैदानावर स्वतः तपासू शकता. १४ जानेवारीच्या सुमारास आपण तिळगूळ वाटतो आणि म्हणतो, ‘आजपासून उत्तरायण सुरू झाले.’ उत्तरायण म्हणजे सूर्याचे उत्तरेकडे सरकू लागणे. तसे असेल तर त्या दिवशी मध्यान्हीची सावली वर्षातली सर्वांत लांब असली पाहिजे. एक मीटरची काठी उभी रोवून मोजा. सांगलीत ही सावली २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब, सुमारे ८५ सेंटिमीटर भरते. संक्रांतीपर्यंत ती सुमारे ७९ सेंटिमीटर झालेली असते. म्हणजे सूर्य तीनेक आठवडे आधीच वळलेला असतो!

हे अंतर आले कोठून? जुन्या गणितातील सौरवर्ष सुमारे ३६५.२५८८ दिवसांचे, ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे. फरक वर्षाला २४ मिनिटांचा. साठ वर्षांत एक दिवस, आणि चौदाशे वर्षांत तेवीस दिवस. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने या साऱ्याचा विचार केला, आणि तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

आता आपली कसोटी पुन्हा लावू, आणि जरा जपून लावू. ‘२२ डिसेंबर आणि १४ जानेवारी यांत डिस्क्रेपन्सी आहे’ असे म्हणता येईल का? मकरसंक्रांत म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या मकर राशीत सूर्याचा प्रवेश, अशी व्याख्या असेल, तर संक्रांत आणि उत्तरायण या दोन वेगळ्या घटना ठरतात. त्यांच्या तारखा वेगळ्या असल्या तर तो फक्त डिफरन्स. सण चुकीचा ठरत नाही. पण ‘संक्रांतीलाच उत्तरायण सुरू होते’ असे कुणी लिहिले, तर ते विधान आणि काठीची सावली यांत डिस्क्रेपन्सी आहे. पाहिलेत ना? शब्द नेमका वापरायचा म्हटले की आधी विचार नेमका करावा लागतो.

तिसऱ्या वहीची गोष्ट

आता त्या तिसऱ्या वहीकडे. बाईंनी पान उजेडापुढे धरले, तेव्हा ‘४०.२ सेकंद’ या आकड्याखाली खोडलेला ३८.२ दिसला. त्यांनी त्या मुलीला बोलावले.

‘हा आकडा का खोडलास?’

‘बाई, उत्तर चुकत होतं. १०.८२ येत होतं. ९.८ यायला पाहिजे ना? मग हिनं सांगितलं, “अगं, ४०.२ लिहून टाक की!” ते घातल्यावर बरोबर येतंय.’

‘३८.२ किती वेळा आलं होतं?’

‘तीन वेळा, बाई. ३८.१, ३८.२ आणि ३८.३.’

पाहा हं. २० दोलनांना ३८.२ सेकंद, म्हणून आवर्तकाल १.९१ सेकंद. लांबी १ मीटर असताना ३९.४८ ला आवर्तकालाच्या वर्गाने भागले की त्वरण मिळते. ते येते १०.८२. सांगलीतील गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८ आहे. (लंडनमध्ये ते सुमारे ९.८१ असते, पण ती दोन ठिकाणे, म्हणून तो डिफरन्स!) स्टॉपवॉचच्या अनिश्चिततेमुळे उत्तर ०.१ ने मागेपुढे झाले असते. येथे अंतर होते १.०४ चे, म्हणजे दसपट. ही खरीखुरी डिस्क्रेपन्सी होती.

बाई म्हणाल्या, ‘चल, पुन्हा करून दाखव.’ मुलीने गोळा बाजूला ओढला, सोडला, बटण दाबले आणि मोजू लागली, ‘एक... दोन...’ बाईंनी तिला थांबवले. ‘गोळा सोडताक्षणी “एक” म्हणालीस. तेव्हा एक दोलन पुरं झालं होतं का?’

मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग हसली. सोडताना ‘शून्य’ म्हणायला हवे होते! तिची वीस दोलने म्हणजे प्रत्यक्षात एकोणीस होती. ३८.२ ला १९ ने भागले, आवर्तकाल आला २.०१ सेकंद आणि त्वरण ९.७७. तीन वेळा जपून घेतलेले तिचे वाचन अगदी अचूक होते. खोडला गेला होता तो खरा आकडा, आणि त्याच्या जागी लिहिला होता तो बनवलेला!

म्हणूनच बाईंना ते वाक्य खटकले. तिने अंतर ‘करेक्ट’ केले नव्हते, पुसले होते. पुसलेल्या आकड्यातून चूक कधी सापडली नसती, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात ती ‘एक’पासूनच मोजत राहिली असती. बाईंच्या सांगण्यावरून तिने नवा निष्कर्ष लिहिला :

‘आय फाउंड अ लार्ज डिस्क्रेपन्सी बिट्वीन माय फर्स्ट रिझल्ट अँड द ॲक्सेप्टेड व्हॅल्यू. इट वॉज रिझॉल्व्ह्ड व्हेन आय काउंटेड द ऑसिलेशन्स अगेन.’

त्या ओळीच्या वर, एका साध्या रेघेने खोडून पण वाचता येईल असे ठेवून, तिने १०.८२ हा आकडाही राहू दिला.

स्वाध्याय

पुढील वाक्यांसाठी डिफरन्स, डिस्पॅरिटी आणि डिस्क्रेपन्सी यांपैकी कोणता शब्द घ्याल? आधी दोन प्रश्नांची कसोटी लावा, मग पूर्ण इंग्रजी वाक्य लिहा.

१. सांगलीच्या आणि महाबळेश्वरच्या तपमानात फरक आहे.

२. हजेरीपटात ४२ मुले हजर आहेत, पण वर्गात मोजली तर ४१ भरतात.

३. शहरातील आणि खेड्यांतील शाळांना मिळणाऱ्या सोयींत तफावत आहे.

४. त्रिकोणाचे तीन कोन मोजून बेरीज केली, ती १८६ अंश आली.

५. साध्या तंबोऱ्याची आणि सतारीची किंमत वेगळी आहे.

६. घड्याळात पावणेपाच वाजले आहेत आणि मोबाइलवर चार वाजून पन्नास मिनिटे.

उत्तरे : १. डिफरन्स. २. डिस्क्रेपन्सी. ३. डिस्पॅरिटी. ४. डिस्क्रेपन्सी (मोजलेली बेरीज आणि अपेक्षित १८० अंश यांत, ऑफ सिक्स डिग्रीज). ५. डिफरन्स. ६. डिस्क्रेपन्सी (ऑफ फाइव्ह मिनिट्स). सहाव्या वाक्यात घड्याळ मागे की मोबाइल पुढे, हे शब्द सांगत नाही. ते तुम्ही शोधायचे!